अप्पांचा कयाफा

ज्या दिवशी अप्पा अक्कासाठी मुलगा पाहायला चारठाण्याला गेले, त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच मुलाचा चेहरा पाहिला आणि तिथेच होकार दिला. अक्काचं लग्न त्या घरी झालं. अप्पांनी त्यानंतर कुणाचा चेहरा पाहिला नाही.

एवढंच घडलं. ते तसंच घडलं का, हे मात्र मला आजही ठामपणे सांगता येत नाही. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. अक्का गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. परभणीच्या या दोन खोल्यांत सकाळी ऊन टेबलावर येतं तेव्हा मी एक पान लिहिते आणि ऊन सरकेपर्यंत त्यातलं अर्धं खोडते. शाळेत तीसएक वर्षं मुलींना निबंध शिकवला, सुरुवात कशी करावी ते सांगितलं. स्वतःच्या घरातल्या एका दिवसाची सुरुवात कुठून करावी ते मात्र उमजत नाही. म्हणून शब्दापासून करते. तो निदान कोशात सापडतो.

कयाफा. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखण्याची विद्या. मूळ शब्द अरबी, उर्दूत आला, आणि निजामाच्या राज्यातून आमच्या बोलण्यात उतरला. मला तो अक्षरं गिरवायच्या आधीपासून माहीत होता. आमच्या घरात तो भाकरी, विभूती, गज यांच्यासारखाच रोजचा शब्द होता. पुढे शिक्षणासाठी बाहेर पडले तेव्हा कळलं की बाकीच्या मराठी मुलींनी तो ऐकलेलाच नाही. त्या ‘कयास’ म्हणत, अंदाज या अर्थानं, आणि मलाच दुरुस्त करत. अंदाज आणि कयाफा यांत काय फरक आहे हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. आता सांगता येतो, पण त्या मुली कुठे आहेत ते ठाऊक नाही.

बोरीत आमचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक छापील पडदा. दिवसभर दुकानातले आवाज घरात येत. कापड मोजायचा लोखंडी गज फळीवर ठेवल्याचा, तागा उलगडताना होणारा थप थप, आणि मग कापड फाडल्याचा लांब चर्रर्र. तो ऐकला की माय चुलीपाशी बसल्या जागी सांगे, “पापलीन गेलं.” कधी म्हणे, “मांजरपाट.” ती कधी चुकली नाही. माय आवाजावरून कापड ओळखत असे आणि अप्पा चेहऱ्यावरून माणूस, आणि लहानपणी मला ही दोन्ही कामं सारख्याच योग्यतेची वाटत.

अप्पा सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून गादीवर बसत. ते उर्दू शाळेत शिकलेले. गावातले लोक म्हणत, “अप्पाकडं कयाफा हाय,” जसं एखाद्याकडे विंचवाचा उतारा असावा तसं. सालगडी ठेवायचा असला की शेतकरी त्याला काहीतरी निमित्त काढून दुकानात आणत. पंचा दाखवा म्हणत. अप्पा पंचा दाखवत, माणसाला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवत, प्यायला पाणी देत, आणि तो पाणी पिताना त्याचे डोळे कुठे जातात ते पाहत. नाव, गाव, घराणं यांतलं काही आधी विचारत नसत. नाव कळलं की चेहरा झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. माणूस पंचा घेऊन बाहेर गेला की शेतकऱ्याला हळूच सांगत, ठेवा किंवा नका ठेवू.

त्यांचे नियम आम्हा दोघी बहिणींना पाठ होते. मोठे कान चांगले, डोक्याला चिकटलेले कान कंजूष. पातळ ओठ शब्द फिरवतात. भुवईत तीळ असलेला माणूस घर सोडत नाही. सगळ्यात वाईट जुळलेल्या भुवया. “भुवया जुळलेला माणूस मनातलं मनात ठेवतो,” अप्पा म्हणत, “आन् एका दिवशी ताट फेकतो.” हे ऐकून मी आरशात स्वतःच्या भुवया तपासत असे. अक्का हसत असे. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मधली दोन भावंडं राहिली नाहीत. तिनंच माझी वेणी घातली, तिनंच मला वाचायला शिकवलं. ती शिवणयंत्रावर बसली की पायाची लय धरून मला पाढे म्हणायला लावी. यंत्र थांबलं की पाढाही थांबायचा.

अक्काचं वय तेविसाच्या पुढे गेलं होतं, आणि गावात त्याबद्दल बोललं जाऊ लागलं होतं. कारण अक्का नव्हती, कारण अप्पा होते. सहा मुलं त्यांनी पाहिली आणि सहाही नाकारली. पूर्ण्याचा एक इंजिनिअर कानांवरून गेला. राणीसावरगावच्या एकाचे डोळे बोलताना सारखे उंबऱ्याकडे जात होते. फोटो ते पाहतच नसत. फोटोत माणूस श्वास धरून बसतो, म्हणत. पाहायला जात तेव्हाही त्यांची एक अट असे, नवरदेव कोण ते सांगायचं नाही. चार माणसांत बसवा, मी ओळखतो. आणि ते ओळखत. तिथे बोलून दाखवत नसत, परतीच्या वाटेवर सांगत. सहाही वेळा बरोबर निघालं, त्यामुळे ती सहा मुलं गेली तरी अप्पांचा मान वाढलाच. माय एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमाला पोरीचं लगीन करायचंय का देवळात मूर्ती बसवायचीय?” ताटातला अंबाडीच्या भाजीचा घास अप्पांनी बराच वेळ चावला.

मुलगा पाहायला ते मला बरोबर नेत. मायला नेत नसत. मोठी बाई आत गेली की घर सावरून बसतं, लहान पोरीला सगळं जसंच्या तसं दिसतं, असं त्यांचं गणित होतं. पुरुषांचे चेहरे त्यांनी पाहायचे आणि मी आत जाऊन चूल, पाण्याची घागर आणि बायकांचं आपसातलं बोलणं पाहून यायचं. परतताना बसमध्ये आम्ही दोघं आपापलं सांगत असू. मी अकरा वर्षांची होते आणि हे काम मला फार महत्त्वाचं वाटे.

चारठाण्याचं स्थळ मायच्या मावशीनं पत्रातून कळवलं होतं. मध्ये दुसरं कुणी नव्हतं. आम्ही जिंतूरला बस बदलली. माझ्या पायात नवी कातडी चप्पल होती, आणि बसथांब्यापासून त्यांच्या घरापर्यंत चालताना तिनं माझा अंगठा सोलून काढला. मी लंगडत होते. अप्पा म्हणाले, “रुळंल चालता चालता.” वाटेत जुन्या देवळाचे दगड पडलेले होते. त्यावरच्या मूर्तींची तोंडं ऊन-पावसानं झिजून सपाट झाली होती. नाक नाही, डोळे नाहीत, पाय मात्र पैंजणांसकट शाबूत. अप्पा एका मूर्तीपुढे थांबले आणि गमतीनं म्हणाले, “हिचा काय कयाफा करावा, उमे?”

घराच्या दारात पाय धुवायला पाणी घेऊन एकजण उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मोठ्यांकडे टक लावून पाहायचं नसतं असं माय सांगे, आणि आमच्यात ते काम अप्पांचं होतं. मला दिसले ते त्याचे पाय. घोट्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल, तो अर्धवट वाळून भेगाळलेला, आणि टाचेला कसलासा ताजा ओरखडा. त्यानं अप्पांच्या पायांवर भराभर पाणी ओतलं. माझ्या पायांवर ओतताना धार बारीक केली, कारण अंगठ्याचं कातडं निघालेलं त्याला दिसलं असावं. अप्पा तोवर आत पाहत होते.

आत सतरंजीवर पाचसहा पुरुष बसले होते, त्यांत पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण. घरचे मालक, पुढे जे अक्काचे सासरे झाले ते, हात जोडून म्हणाले की सकाळपासून एक वासरू चुकलं होतं, त्यात घराची धावपळ झाली, तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. अप्पांनी त्यांची अट सांगितली. मालक हसले, म्हणाले, बरं, तुमीच वळखा. अप्पा दाराकडे पाठ करून बसले आणि मी आत गेले.

आतल्या घरात चुरमुऱ्यांची सुशीला परतली जात होती. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी बसली की जो वास येतो तो मला आजही त्या स्वयंपाकघरात नेतो. चूल सारवलेली होती, घागर झाकलेली होती, बायका हसत होत्या. माझ्याच वयाची एक पोरगी शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि थोड्या वेळानं तिला विचारलं, नवरदेव कोणता.

तिनं हनुवटीनं अंगणाकडे दाखवलं. “त्यो काय. गोठ्यापाशी. तुमाला पाणी दिलेला.”

“आन् सतरंजीवर बसलाय तो? पांढऱ्या सदऱ्याचा?”

“त्यो नांदेडचा आमचा आतेभाऊ. त्याला पोरगं हाय की.”

मी उठून दाराच्या फटीतून पाहिलं. अप्पा पांढऱ्या सदऱ्याच्या मुलाकडे पाहत होते. त्यांच्या पाहण्याची एक पद्धत होती, मान किंचित डावीकडे आणि चष्मा जरा खाली. तो मुलगा पाणी पीत होता. त्याचे कान मोठे होते आणि भुवईत तीळ होता. मग मी अंगणाकडे पाहिलं. चिखलाच्या पायांचा मुलगा वासराच्या गळ्यात दावं बांधत होता. तो वळला, आणि मला त्याच्या भुवया दिसल्या. त्या नाकाच्या वर एकमेकींत मिसळल्या होत्या.

त्यानंतर किती वेळ गेला ते आठवत नाही. सुशीला खाल्ली, ती तिखट होती. चहा झाला. निघताना अप्पा मालकांना म्हणाले, “मी वळखलं. तुमचा मुलगा आमाला पसंत हाय.” मालकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. कुणीही बोट दाखवून विचारलं नाही; दारात पाणी दिलेल्याला अप्पांनी पाहिलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं असावं. दारात मी चप्पल पायात घातली आणि गोंधळले. पट्टा मऊ झाला होता. कुणीतरी त्याला करडईचं तेल लावलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. गोठ्यापाशी कुणी नव्हतं.

बसमध्ये अप्पांनी मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. ते खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच कपाळ, कान, तीळ असं मोजत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आत काय पाहिलंस?”

मी म्हणाले, चूल सारवलेली होती. बायका हसत होत्या.

“आनखी काय?”

मी म्हणाले, आणखी काही नाही.

हे मी का म्हणाले? पुष्कळ वर्षं मी समजत होते की भीतीनं. अप्पा चुकले असं अप्पांना सांगायचं कसं, ही ती भीती. नंतर वाटलं, नाही, ते तेल. पायाला लागत नव्हतं म्हणून मी बोलले नाही. नंतर हेही पटेना. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चाललं होतं, ते आज मला तरी कोण सांगणार? मी तीच मुलगी आहे, आणि तिचा चेहरा मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी माळवदावर अक्का वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. खाली अप्पा मायला मुलाचं वर्णन सांगत होते, ते वर ऐकू येत होतं. अक्का माझ्याकडे न पाहता म्हणाली, “खरं सांग. कसा हाय?”

मी म्हणाले, “भुवया जुळल्यात.”

तिचे हात थांबले. खालून अप्पांचा आवाज आला, भुवईत तीळ. अक्कानं तो ऐकला. ती हुशार होती, मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तरी मी सांगितलं. पांढरा सदरा, वासरू, चिखल, तेल. तिनं सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “कुणाला सांगू नको.”

“पर अक्का, त्यांनी दुसराच...”

“सातवा हाय त्यो, उमा. सांगितलंस तर आठवा येईल, नववा येईल. मी हितंच म्हातारी व्हायची, अप्पाच्या कयाफ्यात.” मग जरा थांबून, “धार बारीक केली म्हणलीस ना?”

मी हो म्हणाले. तिनं सूप उचललं.

अप्पांचे जुने मास्तर तेव्हा हयात होते. आम्ही त्यांना मास्तरसाहेब म्हणत असू. मशिदीमागच्या गल्लीत राहत, दिवसभर खाटेवर बसून वाचत. अप्पांनी कयाफा त्यांच्याकडूनच शिकला, असं घरात म्हणत. दोन दिवसांनी मी दुकानातलं कापड पोचवण्याच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेले. खरं विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून विचारलं, कयाफा म्हणजे काय. ते हसले. म्हणाले, तुमच्या घरात राहतो तो, आणि तू मला विचारतेस? पण त्यांनी सांगितलं. अरबांच्या मुलखात वाळूवरचे पावलांचे ठसे पाहून माग काढणारे लोक असत. हरवलेला उंट, पळालेला चोर, वाट चुकलेला माणूस, सगळं ते ठशांवरून शोधत. त्या माग काढण्यावरून हा शब्द आला. पुढे त्याच लोकांना मूल कुणाचं हेही विचारू लागले. दोन माणसं पांघरुणात झोपलेली असावीत, तोंडं झाकलेली, पाय तेवढे उघडे, आणि त्या पायांवरून माग काढणाऱ्यानं म्हणावं, हे बापलेक आहेत. चेहरा या शब्दात फार उशिरा आला.

मला नीट कळलं नाही. मी विचारलं, मग चेहरा पाहणं चूक का? मास्तरसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “चेहरा आदमी के संगात चलता, बेटी. निशान पीछू रहता. पुराने लोगां पीछू रहा सो पढ़ते थे.” माणूस आपला चेहरा बरोबर घेऊन जातो, मागे ठसा राहतो, आणि जुने लोक तो वाचत. मग म्हणाले, “तुमारे अप्पा कू ये मैंने सिखायाच नहीं. जल्दी थी उनकू.”

पुढे मी शिक्षिका झाल्यावर कोशांत शोधलं. मास्तरसाहेबांचं बरोबर होतं. संस्कृतातला आपला सामुद्रिक हा शब्दही पाहिला. अंगावरच्या खुणांवरून माणूस सांगणारं शास्त्र. त्याला कुणी समुद्र नावाच्या ऋषींशी जोडतात, कुणी मुद्रा म्हणजे ठसा या शब्दाशी. दोन भाषा, दोन वाटा, आणि दोन्हींच्या तळाशी ठसाच. मला हे सापडलं त्या दिवशी फार आनंद झाला होता आणि मी अक्काला लांबलचक पत्र लिहिलं. तिनं उत्तरात ज्वारीच्या पिकाबद्दल लिहिलं.

साखरपुड्याला चारठाण्याची मंडळी बोरीला आली. नांदेडचा आतेभाऊही आला, बायकोला आणि मुलाला घेऊन. नवरदेव पाटावर बसला. पूजेला आलेल्या स्वामींनी मंत्र म्हटले आणि विभूतीची वाटी अप्पांपुढे केली. मी अप्पांच्या मागेच उभी होते. त्यांनी पाटावरच्या मुलाकडे पाहिलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. खोलीत तीसचाळीस माणसं होती आणि शेवग्याच्या आमटीचा वास होता. अप्पांनी मान वळवली आणि आतेभावाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्यांची तीन बोटं मुलाच्या कपाळावरून डावीकडून उजवीकडे चालली होती. बोटं मध्येच थांबली होती का? मी आठवायचा प्रयत्न केला की कधी थांबलेली दिसतात, कधी नाही.

जेवणं चालू असताना माय पडद्याआड अप्पांना म्हणाली, “तुमी तर म्हणलात तीळ हाय.”

“उजेडात तसं वाटलं,” अप्पा म्हणाले.

“आन् भुवया?”

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं. “वाढ त्यांना आनखी भात,” म्हणाले, आणि बाहेर गेले.

त्यानंतर शेतकरी सालगड्यांना घेऊन येत राहिले. अप्पा पंचा दाखवत, पाणीही देत, पण माणसाला उजेडाकडे बसवत नसत. विचारलं तर म्हणत, आता नजर राहिली नाही. चष्म्याचा नंबर मात्र तोच होता, मला माहीत आहे, कारण चष्मा आणायला मीच जात असे. मला वाटलं, चूक कळल्यामुळे त्यांनी विद्या सोडली. अक्कालाही तसंच वाटलं. आम्ही दोघींनी मिळून अप्पांकडून काहीतरी काढून घेतलं, असं ओझं घेऊन आम्ही जगलो.

अक्काचा संसार कसा झाला, हे एका वाक्यात सांगता येत नाही. दाजी फार कमी बोलत. मनातलं मनात ठेवत, हे अप्पांच्या नियमाप्रमाणेच होतं. एकदा त्यांनी खरोखर ताट फेकलं. वरण भिंतीवर उडालं आणि त्यानंतर दोन महिने ते अक्काशी बोलले नाहीत. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसली, पण नीट हसली नाही. आणि याच माणसानं शेवटच्या दोन वर्षांत तिला उचलून अंघोळ घातली, तिची वेणी घातली, भाकरी दुधात कुस्करून भरवली. मग अप्पांचा नियम खरा ठरला की खोटा?

दवाखान्यात एका दुपारी अक्कानं मला जवळ बोलावलं. दाजी औषधं आणायला गेले होते. ती म्हणाली, “अप्पाला आधीच कळलं होतं का गं?”

मी म्हणाले, नाही, साखरपुड्याला कळलं.

“मला एवढंच पायजे होतं बग,” ती म्हणाली. “मला त्यांनी जाणून दिलं, का चुकून.” मग डोळे मिटले. मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. मला तेवढंच माहीत होतं.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अक्काला भिंतीशी बसवून कपाळावर विभूती लावली, गळ्यात हार घातला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. अप्पांचे सगळे नियम एकेक करून आठवले आणि एकही लागू पडेना. मग तिच्या पायांकडे पाहिलं. उजव्या तळव्याला घट्टा होता, शिवणयंत्राचा. लग्नात ते यंत्र अप्पांनी तिच्याबरोबर पाठवलं होतं.

दाजी मागच्या महिन्यात परभणीला आले होते. पिशवीत ज्वारी आणि शेंगा घेऊन आले, जशी अक्का असताना ते दोघं मिळून आणत. मी चहा केला. बोलायला काही नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. “दाजी, त्या दिवशी माझ्या चपलेला तेल तुम्ही लावलं होतं ना?”

ते थोडा वेळ आठवत राहिले. “व्हय, मीच. पर मला कुठं सुचायलंय. तुजे अप्पाच बाहीर आलते.”

मी कप खाली ठेवला. म्हणजे मी आत शेंगा सोलणाऱ्या पोरीपाशी बसले होते, तेवढ्या वेळात.

“म्हणले, पोरीला चप्पल चावायलीय, करडईचं तेल असलं तर बघा. मी आणलं. हितंच बसून लावा म्हणले. मी लावायलो, ते उभे ऱ्हायले.”

“त्यांनी तुमच्या तोंडाकडे पाहिलं?”

“मी खाली मान घालून पट्टा चोळायलो होतो. त्यांनी तोंड पाहिलं का टाळू, मला काय ठावं?” दाजींनी चहाचा घोट घेतला. “इचारलं एवढं की वासरू कसं घावलं. मी म्हणलं, खुरांचा माग काढत गेलो, वढ्यात रुतलं होतं. बरं म्हणले. आन् आत गेले.”

“तुम्ही अक्काला हे कधी सांगितलं नाही?”

“तिनं कवा इचारलं न्हाई,” दाजी म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कामून? काय झालं?”

मी म्हणाले, काही नाही. मनात मात्र आलं, म्हणजे अप्पांना माहीत होतं? मग घरी येऊन तिळाचं वर्णन कुणासाठी केलं? मायनं जुळलेल्या भुवया ऐकल्या असत्या तर तिनं त्यांचाच नियम त्यांच्यापुढे टाकला असता, म्हणून? आणि माहीत होतं तर साखरपुड्याला चष्मा का पुसला, माझ्याकडे का पाहिलं? की त्यांनी खरंच फक्त टाळू पाहिली, त्या घरच्या कुठल्याशा पोराला चपलेला तेल लावताना पाहिलं, आणि आत जाऊन पुन्हा तीळ पाहत बसले? एकदा मला वाटतं, ते बसमध्ये मला “आनखी काय?” असं विचारत होते ते मी सांगावं म्हणून. एकदा वाटतं, मी सांगू नये म्हणून. अक्काला हवं होतं ते उत्तर यांतलं एक होतं. ते दाजींजवळ इतकी वर्षं होतं, आणि तिथेही ते अर्धंच होतं.

दाजी चहा संपवून उठले. दारात माझी चप्पल आडवी पडली होती, ती त्यांनी पायानं नीट केली. बस साडेचारची होती.

अप्पांचा चष्मा माझ्याकडे आहे. शिवणयंत्र चारठाण्याला आहे. दाजी दर महिन्याला येतो म्हणाले आहेत. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत आणि अजून जुळलेल्या आहेत.